राष्ट्रपती आणि सरपंचपती



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. येथे प्राध्यापक येतात, वकील-डॉक्टर येतात, ग्रंथकार येतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते जिनिंगच्या आवारात, कामगार संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. आम्हांस सवय आहे ती गेटसभेची. तेथे पाळी सुटून घरी निघालेला माणूस सायकल हातात धरूनच ऐकतो, आणि बोलणे आवडले नाही तर पायडल मारून चालू लागतो. येथे आपण खुर्चीवर बसून ऐकणार, म्हणजे आपल्याला उठून जाण्याची पंचाईत. चालक म्हणाले, "गेटवर बोलता तसेच बोला, फक्त घोषणा देऊ नका." ती अट मान्य करून आम्ही उभे आहो.

वसंत ऋतूतील व्याख्यानांची ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली घालून दिली. तेच रानडे पुढे १८७९ च्या सुमारास आपल्या धुळ्यास बदलून आले, आणि त्यांच्याबरोबर रमाबाईही आल्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, अक्षरओळख नसलेली ही मुलगी नवऱ्यापाशी शिकली. उत्तर आयुष्यात, मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तिच्या अग्रभागी त्या उभ्या राहिल्या. १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने तो हक्क मान्य केला. तेव्हा राजकारणातल्या बाईविषयी बोलणे हे ह्या मालेच्या घराण्याला सोडून आहे असे कोणी समजू नये.

आता विषयाचे निमित्त सांगतो. आमच्या कचेरीत महिन्यातून एकदा, कामगारांच्या मुलांसाठी म्हणून, आम्ही भिंतीवर पांढरी चादर लावून काही ना काही दाखवितो. यंत्र उसने असते. एकदा एका शिक्षकमित्राने अमेरिकेतला एक माहितीपट आणला. शर्ली चिझम नावाच्या बाईंवरचा, शोला लिंच ह्या दिग्दर्शिकेने २००४ साली काढलेला. भाषा इंग्रजी. मित्र मध्येमध्ये थांबवून मराठीतून अर्थ सांगत होता. सव्वा तासाच्या चित्राला आम्हांला तीन तास लागले; परंतु उठून कोणी गेले नाही.

ह्या चिझमबाई न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन वस्तीतल्या. वडील कारखान्यात मजूर, आई शिवणकाम करणारी. कातडीचा रंग काळा. १९६८ साली त्या अमेरिकेच्या लोकसभेत निवडून आल्या. त्या सभागृहातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. आणि १९७२ साली त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. आपण विकले जाणार नाही आणि कोणा धन्याचा हुकूम घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे प्रचारवाक्य होते. पैसा नाही, पक्षाचे पुढारी पाठीशी नाहीत. स्त्रियांच्या संघटना म्हणत, बाई चांगली आहे पण निवडून येणार नाही. त्यांच्याच समाजाचे पुढारी म्हणत, पहिला मान पुरुषाला पाहिजे होता. मायामी शहरी पक्षाचे अधिवेशन भरले तेव्हा त्यांच्या पदरात सुमारे १५२ प्रतिनिधींची मते पडली. बाई हरल्या.

माहितीपट ह्या हरण्याचा आहे. आम्ही गेटवर जन्म काढलेली माणसे. पुढाऱ्यांवरची चित्रे म्हटली की हारतुरे, विमानातून उतरणे, लहान मुलांच्या गालाला हात लावणे, एवढेच पाहिलेले. येथे एक म्हातारी झालेली बाई स्वतःच्या पराभवाविषयी बोलते आहे आणि पाहणाऱ्याला ती थोर वाटते आहे, हे आम्हांला नवे होते. चित्र संपल्यावर आमच्या एका हमाल मित्राची नववीतली मुलगी म्हणाली, "काका, आपल्या इथं अशी कोणी नाही का?" आम्ही घाईघाईने म्हणालो, "आहे तर! आपल्याकडची तर जिंकली. थेट राष्ट्रपती झाली." तिने विचारले, "मग त्यांचा चित्रपट दाखवा ना."

अमळनेर, फैजपूर, जळगाव येथे राजकारणाला तोटा कधी नव्हता. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. बेचाळीसच्या लढ्यात अमळनेरच्या लीलाताई पाटील पुढे होत्या आणि तुरुंगात गेल्या. परंतु देशाच्या सर्वोच्च आसनावर बसलेली पहिली स्त्री ह्याच मातीतली असताना, तिच्या आयुष्याचा जो माहितीपट आमच्या मुलीला दाखवावा, तो आमच्या पाहण्यात आलेला नाही. म्हणून आज आम्ही, चित्रपटातले ओ की ठो कळत नसताना, तो कसा असावा एवढेच सांगणार आहो. गवंडीकाम न येणारा माणूसही आपल्या घराला खिडकी कोठे हवी हे सांगू शकतोच.

पहिली दृश्ये सोपी आहेत. प्रतिभाताई पाटील यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, बोदवडजवळच्या नाडगावचा. शिक्षण जळगावला, मूळजी जेठा महाविद्यालयात. तेथे त्या टेबल टेनिस खेळत, आणि चांगल्या खेळत. हे दृश्य अवश्य घ्यावे. पन्नाससाली जळगावात एक मुलगी हातात बॅट घेऊन चारचौघांत खेळते, ह्याला त्या काळी काय किंमत होती ते आजच्या मुलींना कळले पाहिजे. मग मुंबईला कायद्याचा अभ्यास, जळगावच्या कोर्टात वकिली. आणि १९६२ साली, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावातून निवडून आल्या. पुढे १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादहून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरहून. उपमंत्री, मंत्री, १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या; मग राज्यसभा, तिचे उपसभापतिपद; १९९१ ला अमरावतीहून लोकसभा; २००४ साली राजस्थानच्या राज्यपाल; आणि २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती. लढविलेली एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत असे सांगतात. चिझमबाईंच्या अगदी उलट.

आता अडचण येथेच आहे. हरणाऱ्याची गोष्ट सांगणे सोपे. पाहणारा आपोआप त्याच्या बाजूचा होतो. जिंकणाऱ्याची गोष्ट सांगावयाची म्हणजे ती पदांची यादी होते. ही यादी आम्ही त्या मुलीला ऐकविली. तिने शांतपणे ऐकून घेतली, आणि पुन्हा चिझमबाईंविषयीच विचारू लागली. म्हणून आम्ही म्हणतो, माहितीपटवाल्याने यादी बाजूला ठेवावी आणि एकच वर्ष हाती धरावे. ते वर्ष १९७२.

१९७२ साली तिकडे चिझमबाई मायामीस उभ्या होत्या. त्याच वर्षी प्रतिभाताई एदलाबादहून पुन्हा निवडून येऊन राज्याच्या समाजकल्याण खात्याच्या मंत्री झाल्या. त्याआधीची पाच वर्षे त्या उपमंत्री होत्या आणि त्यांच्याकडच्या खात्यांत दारूबंदीचे खाते होते. आणि त्याच वर्षी, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला, अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते यांच्या हातून श्रमिक संघटना उभी राहत होती. सावकाराने गिळलेल्या जमिनी सोडवाव्यात, सालदाराला व शेतमजुराला मजुरी नीट मिळावी, म्हणून ती लढाई होती. तीत आदिवासी बाया उतरल्या, आणि त्या वर्षा-दोन वर्षांत त्यांनी स्वतःच्या अकलेने एक नवे कलम घातले: दारूचे. गावोगाव जथ्याने जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारला. कार्यकर्त्यांच्या मूळ मागण्यांत हे नव्हते. पुरुषांच्या मागण्यांत दारू कशी असणार?

ह्याच वर्षी दुष्काळ पडला. महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली, रस्ते आणि पाझर तलाव. लाखो बाया खडी फोडीत होत्या. आम्ही तेव्हा दोन-अडीच वर्षांचे. आईने आम्हांस कामावर नेऊन लुगड्याच्या सावलीत निजविले होते, आणि मिळालेली सुकडी पाण्यात कालवून भरविली होती, असे ती सांगे. ह्या कामांतूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली; १९७७ ला तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. मुंबईत त्याच सुमारास महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी बायांच्या हाती लाटणी देऊन मोर्चे काढले. त्याच १९७२ साली मृणालताईही आमदार झाल्या.

हे सारे एका वर्षाचे. आमच्या मनातला माहितीपट असा की मंत्रालयातली खुर्ची, शहाद्यातले फुटलेले मडके, दुष्काळी कामावरची आमची आई आणि मुंबईतले लाटणे, ही चारही एका पडद्यावर, एकामागून एक यावीत. एखादी बाई प्रथम आत जाते तेव्हा तिच्या आत जाण्याचा अर्थ बाहेर काय चालले आहे ते दाखविल्यावाचून कळत नाही. नुसत्या खुर्चीचे चित्र म्हणजे फर्निचरचे चित्र.

आता २००७ सालाकडे येऊ. त्या निवडणुकीचा आकडा आहे ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. ही मते मोलाने मोजतात, डोक्यांनी नव्हे. विरोधी उमेदवार भैरोसिंह शेखावत, त्या वेळचे उपराष्ट्रपती. त्या निवडणुकीत शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून प्रतिभाताईंना मते दिली. कारण सांगितले मराठीपणाचे. बाई म्हणून नव्हे, मराठी म्हणून. राजकारणात पहिली स्त्री आत जाते तेव्हा दार उघडणाऱ्यांच्या मनात तिचे स्त्रीपण असतेच असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

त्या वेळी एक गमतीचा वादही झाला. बाईला 'राष्ट्रपती' कसे म्हणावे? कोणी म्हणे राष्ट्राध्यक्ष म्हणा, कोणी काही भलतेच सुचवी आणि हसे. शहाण्यांनी समजाविले की येथे 'पती' म्हणजे नवरा नव्हे. पती म्हणजे स्वामी, पालक, जसा सभापती, सेनापती. बाई सभापती होते तशी राष्ट्रपती होते. वाद मिटला.

परंतु बंधूंनो, त्याच सुमारास आमच्या खेड्यांत एक नवा शब्द रुळला होता, तो कोणत्याच कोशकाराला विचारून आलेला नव्हता: सरपंचपती. येथे मात्र 'पती'चा अर्थ नवराच. १९९३ च्या एप्रिलात त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. कागदावर बाई सरपंच. खुर्चीवर तिचा नवरा, दीर, नाहीतर सासरा. दिल्लीत बाई राष्ट्रपती आणि गावात बुवा सरपंचपती. एकाच भाषेतले हे दोन शब्द एकाच पिढीने वापरले.

ह्यावर हसणे सोपे आहे. आम्हीही हसत असू. म्हणून आता आमची स्वतःचीच गोष्ट सांगतो. धुळे तालुक्यातल्या एका गावी रोजगार हमीच्या कामाची मागणी घेऊन आम्ही गेलो. तीसेक मजूर बरोबर, निम्म्याहून अधिक बाया. ग्रामपंचायतीच्या कचेरीत सरपंचबाईंच्या खुर्चीवर यजमान बसलेले. आम्ही काय केले असेल? हात जोडून म्हणालो, "नमस्कार, सरपंचसाहेब." त्यांनी अर्ज घेतले, चहा मागविला, म्हणाले, "ती घरी आहे, सही आणून देतो." आणि आम्ही पोच घेऊन समाधानाने परतलो. सरपंचबाईंचे घर कचेरीपासून पन्नास पावलांवर होते. तेथे जाऊन त्यांच्या हाती अर्ज द्यावा, त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, हे आम्हां लढाऊ म्हणविणाऱ्यांना सुचले नाही. काम लवकर व्हावे एवढेच मनात. सरपंचपती हा पदार्थ फक्त नवरा तयार करीत नाही. जो जो त्याला 'साहेब' म्हणतो तो तो त्यात मुठीमुठीने पीठ घालतो.

दुसरी गोष्ट आमच्या घरचीच, म्हणजे संघटनेची. ती सांगताना अधिक लाज वाटते. जळगावच्या डाळ गिरण्या आपणांस ठाऊक आहेत. तेथे पोती उचलणारे हमाल पुरुष, आणि डाळ निवडणाऱ्या, चाळणाऱ्या बाया. काही वर्षांपूर्वी एका गिरणीत मजुरीवरून तंटा झाला. चार दिवस काम बंद. गेटवर ठाण मांडून बसल्या त्या बायाच. हमाल अधूनमधून दुसरीकडे एखादी गाडी खाली करून येत. बायांना तशी सोय नव्हती. पाचव्या दिवशी मालकाने बोलणी करण्यास बोलाविले. आम्ही पाच जण आत गेलो. पाचही पुरुष. दोन तासांनी हमालीचा दर वाढवून बाहेर आलो. बायांच्या मजुरीचे कलम 'पुढे विचार करू' ह्या शेऱ्यावर मिटविले होते. बाहेर घोषणा झाल्या, गुलाल उडाला. गर्दीतून एक बाई पुढे आल्या. चाळिशीच्या असतील. चार दिवस गेटवर सर्वांची मोट त्यांनीच बांधून ठेवली होती. त्या ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमले भेटनं. आमले काय भेटनं?"

आम्हांला तीस वर्षांत मालकांनी पुष्कळ बोलून घेतले असेल, पोलिसांनी बोलून घेतले असेल. पण ह्या एका वाक्यावर उत्तर सुचले नाही, असे फार थोड्या वेळा झाले.

पुढच्या वेळी बोलणीस त्यांना नेले. तेही सहज नव्हे. आमच्याच समितीत कुरकुर झाली, की बाईमाणसाला कायद्यातले काय कळणार. आत गेल्यावर त्यांनी जे मांडले ते आमच्या मागणीपत्रकात दहा वर्षांत एकदाही आले नव्हते. निवडणीची मजुरी पोत्यावर मिळे. वजन करीत ते निवडून झाल्यावर, म्हणजे त्यातून निघालेला खडा, माती, फोल वजा जाऊन. त्या म्हणाल्या, "माल जेवढा घाण तेवढं आमचं काम जास्ती, आणि वजन कमी म्हणून मजुरी कमी. वजन आधी करा." मालक गप्प, आम्हीही गप्प. इतकी साधी गोष्ट! आम्ही कायद्याची पुस्तके वाचली होती. १९७६ चा समान वेतनाचा कायदा तोंडपाठ होता. पण त्या तराजूपाशी आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो. त्या दिवसापासून त्या गिरणीत पोते आधी वजन होते. दुसरे कलम त्यांनी संडासाचे घातले. त्याला आणखी आठ महिने लागले.

चिझमबाईंच्या चरित्राची येथे आठवण होते. लोकसभेत त्या प्रथम गेल्या तेव्हा त्यांना शेतीच्या समितीवर टाकले होते. ब्रुकलिनसारख्या शहरी वस्तीच्या प्रतिनिधीला शेतीवर! नव्या सभासदाने मुकाट्याने घ्यावे असा रिवाज. बाई भांडल्या आणि समिती बदलून घेतली. पुढे घरकाम करणाऱ्या मोलकरणींना किमान वेतनाचा कायदा लागू व्हावा म्हणून त्या झगडल्या, आणि १९७४ साली तो लागू झाला. त्यांच्या शेजारपाजारच्या किती बाया परक्यांच्या घरी भांडी घासत असतील, त्यामुळे हे कलम त्यांना सुचले. आपल्या राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हावयास २००८ साल उजाडले.

तेव्हा राजकारणात बाई असावी ती शोभेसाठी नव्हे, आणि बाया जात्याच प्रामाणिक असतात म्हणूनही नव्हे. तशा त्या नसतात; आमच्यासारख्याच असतात. ती असावी ती तराजू कोठे खोटा आहे हे तिला ठाऊक असते म्हणून. आणि ठाऊक असलेले तिने बोलावे, ह्यासाठी बाहेर कोणीतरी तिला विचारणारे असावे लागते.

ह्याच मापाने आम्ही प्रतिभाताईंनाही मोजावे असे म्हणतो. माहितीपट म्हणजे आरती नव्हे. त्यांच्या नावाची महिला सहकारी बँक जळगावात होती. रिझर्व्ह बँकेने २००३ साली तिचा परवाना रद्द केला. २००७ च्या निवडणुकीत विरोधकांनी हा प्रश्न पुष्कळ गाजविला. राष्ट्रपती असताना त्यांच्या परदेशदौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली. हे सारे चित्रात यावे, त्यांची बाजूही यावी, आणि त्या बँकेत पैसे ठेवणाऱ्या बायांना काय वाटले तेही त्यांच्याच तोंडून यावे. पुरुष पुढाऱ्यांच्या हिशेबात अशा नोंदी असतात तेव्हा आपण म्हणतो, राजकारण आहे, चालायचेच. बाईच्या हिशेबात निघाल्या की म्हणतो, म्हणूनच बाया नकोत. हे दुसरे वाक्य बोलणाऱ्याला आम्ही एकच विचारतो: किती संस्था बुडाल्यावर 'म्हणूनच पुरुष नकोत' असे तू म्हटले होतेस?

आणि एक दृश्य आम्ही मुळीच गाळू देणार नाही. २००९ च्या नोव्हेंबरात, पंचाहत्तरीला आलेल्या ह्या बाई पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून हवाई दलाच्या सुखोई विमानात बसून आकाशात गेल्या. वैमानिकाचा तो पोशाख, डोक्याला शिरस्त्राण. ते छायाचित्र वर्तमानपत्रात आले तेव्हा आमच्या आईने ते कात्रीने कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटविले. आम्ही तिला सहज म्हणालो, "आई, तुझा-माझा ह्यात काय फायदा?" ती म्हणाली, "फायदा नाही रे. पण नाडगावची आहे ना." सारा जन्म हिशेब मागण्यात गेलेल्या आम्हांस ह्यावर काही बोलता आले नाही. जे पत्रकात मांडता येत नाही असेही माणसाला हवे असते, आणि माहितीपटाने ते दाखवावे.

आता शेवटचे. २०२२ साली दुसऱ्या स्त्री राष्ट्रपती झाल्या, द्रौपदी मुर्मू; संथाळ समाजातल्या, १९९७ साली ओडिशातल्या रायरंगपूरला नगरसेविका म्हणून सुरुवात केलेल्या. २०२३ च्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवण्याची घटनादुरुस्ती संसदेने केली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ती अमलात यावी असे तीत म्हटले आहे. २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया आल्या. हा आकडा आज ना उद्या वाढेल. तो वाढेल तेव्हा खासदारपती आणि आमदारपती असे दोन नवे शब्द कोशात घालावे लागू नयेत, ह्याची तजवीज आतापासून केली पाहिजे. ती कायद्याने होणार नाही. पंचायतीच्या कचेरीत अर्ज कोणाच्या हाती देता, सोसायटीच्या बैठकीत कोणाला बोलू देता, संघटनेच्या समितीवर कोणाला घेता, येथेच ती होईल. आमच्या समितीवर आज अकरांपैकी तीन बाया आहेत. हे आम्ही मिरविण्यासाठी सांगत नाही. अकरांपैकी तीन म्हणजे अद्याप आठ पुरुष, आणि कामावर बाया निम्म्या.

ज्या बाईंविषयी बोललो, त्यांना आम्ही म्हणालो होतो की आज तुम्हीच चला, दोन शब्द बोला. त्यांनी विचारले, "किती वाजता?" आम्ही म्हणालो, सायंकाळी सहाला. त्या म्हणाल्या, "सहाला तर आमची पाळी सुटते. घरी जाऊन भाकरी टाकायच्या, मग आठला येऊ शकते." म्हणून त्यांच्याऐवजी आम्ही आलो. चालकांना आमची एवढीच विनंती आहे की पुढच्या वर्षी एक व्याख्यान रात्री साडेआठला ठेवावे. वक्त्या आम्ही देतो.